विसर्जनाचा अधिकार

छत्तीसगढमधील दुर्गला लागून असलेल्या बघेरा गावी 7 नोव्हेंबर 1971 रोजी दाऊ रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’ हा गीतप्रधान लोकरंगप्रयोग प्रथम रंगमंचावर आणला. भिलाईत वाढलेल्या आम्हा मराठी मुलांपर्यंत त्यातली गीते आकाशवाणीच्या रायपूर केंद्रावरून पोचली. घरात नाट्यसंगीत, शेजारच्या अंगणात ‘चंदैनी गोंदा’चे गीतकार लक्ष्मण मस्तुरिया; दोन्ही एकाच वेळी कानी पडत आणि त्यात काही विसंगत आहे असे वाटत नसे.

देशमुखांसाठी हा दुसरा डाव होता. 1950 च्या सुमारास त्यांनी ‘छत्तीसगढ देहाती कला विकास मंडळ’ काढून ‘नाचा’ या लोकनाट्याला सवंगपणातून सोडवण्याचा प्रयत्न केला. त्यातले मदन निषाद, लालूराम, ठाकूरराम हे नट पुढे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांबरोबर दिल्लीला गेले. वीसेक वर्षांनी देशमुखांनी पुन्हा माणसे जमवली आणि दुखित नावाच्या शेतकऱ्याची कथा गीतांत गुंफली. पदरचा पैसा त्यांचा, शब्द मुख्यत्वे मस्तुरियांचे, संगीत खुमानलाल साव या शाळाशिक्षकाचे. गावोगावची माणसे रात्र रात्र बसून हा प्रयोग पाहत.

पुढे, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, देशमुखांनी स्वतःच ‘चंदैनी गोंदा’ या संस्थेचे विसर्जन केले आणि 1984 मध्ये स्त्रीच्या दुःखाविषयीची ‘कारी’ ही नाट्यकृती उभी केली. या निर्णयाकडे अनासक्ती म्हणून पाहता येते. मला ते अर्धेच पटते. साचलेल्या यशापाशी न थांबण्याचे धैर्य त्यात निःसंशय होते. परंतु वादक-गायिकांनी त्या नावासाठी दिलेली वर्षे कोणाच्या खाती जमा होती? हाच प्रश्न दुसरीकडे न्यायालयात गेला: इंग्लंडमधील मँचेस्टरचा ‘द स्मिथ्स’ हा रॉक बँड 1982 मध्ये जमला आणि 1987 मध्ये मोडला. 1996 मध्ये त्यांच्या ड्रमवादकाने न्यायालयातून समान वाटा मिळवला. तो वाद कटू होता. तरीही मागे बसून ताल धरणाऱ्यालाही संस्थेत हिस्सा असतो, एवढे त्यातून नोंदले गेले. आपल्याकडे आश्रयदात्याच्या औदार्याची नोंद होते. सहकाऱ्यांचे श्रम मात्र त्या औदार्याच्या पोटात गृहीत धरले जातात.

खुमान सावांनी कोणताही दावा मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांनी ‘चंदैनी गोंदा’ याच नावाने मंडळी पुन्हा बांधली आणि उतारवयापर्यंत प्रयोग चालू ठेवले. देशमुख 1998 मध्ये गेले, साव 2019 मध्ये. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सावांना मिळाला, तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती.