पांढरा झगा कोणासाठी?



चर्चमध्ये कपड्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे लगेच मुलींचे कपडे येतात. बाही केवढी, गळा केवढा, हे घालून मिस्सेला यावे का? मर्यादेचा प्रश्न खोटा नाही. पण तिथेच थांबलो तर मोठा प्रश्न बाजूला राहतो: आपल्या कपड्यांमुळे शेजारच्या बाकावरच्या माणसाला खाली मान घालावी लागते का?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या विषयाचा विचार केला. त्यांच्या मते वस्त्रात पाप नाही; दोष असतो तो वापरणाऱ्याच्या अतिरेकी हौसेत, किंवा ज्या लोकांत आपण राहतो त्यांची रीत झुगारण्यात. संत याकोब तर आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ उपासनेच्या जागीच बोट ठेवतात. भारी पोशाखातल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणे, हा त्यांच्या दृष्टीने अन्याय आहे.

आपल्या देशात कपड्यांवरून जातही ओळखली गेली. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडून द्या. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, लाखो माणसे पांढऱ्या वस्त्रांत जमली. त्यांचा धर्ममार्ग वेगळा, पण इथे कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही, हे त्या पांढऱ्या रंगातून कोणालाही कळावे.

पांढरे वस्त्र आपल्यालाही परके नाही. स्नानसंस्काराच्या वेळी ते प्रत्येक बाळाला मिळते, बंगल्यातल्या आणि झोपडीतल्याही. आपण ख्रिस्ताला परिधान केले आहे, याची ती खूण. प्रथम कम्युनियनचा पांढरा पोशाख ही तिचीच आठवण. पण आज त्यावर लेस, मोती, सोबत हातमोजे; आणि एका सकाळीनंतर तो कपाटात. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, तिथली आई त्यासाठी उसनवारी करते आणि तरीही "माझाच झगा साधा का?" हे ऐकून घेते. समानतेची खूणच विषमता दाखवू लागली.

कोणी म्हणेल, "फादर, ज्याला परवडते त्याने लेकराची हौस का करू नये?" जरूर करावी. संध्याकाळी घरी जेवण असते, तिथे नवा फ्रॉक शोभून दिसेल. पण सकाळी सगळी लेकरे एकाच पित्याच्या मेजावर येतात.

स्वस्तातले कपडे घ्या, एवढेही उत्तर पुरत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. त्यांच्या तुटपुंज्या मजुरीला पोप फ्रान्सिस यांनी गुलामगिरी म्हटले. आपल्या विदर्भातला कापूस पिकवणारा शेतकरी कसा जगतो, हे तर आपण जाणतोच. गिऱ्हाईकाने वाचवलेले पैसे पुष्कळदा अशा कोणाच्या तरी पोटातून आलेले असतात. मजुराचे बुडवलेले वेतन देवाकडे दाद मागते, हे याकोबाच्याच पत्रात, पाचव्या अध्यायात आहे.

म्हणून एक विचार आम्ही पालकांपुढे ठेवत आहोत. चर्चच्या मालकीचे साधे, एकसारखे पांढरे झगे असावेत. ते आपल्याच वस्तीतल्या शिंप्याकडून, योग्य मजुरी देऊन शिवून घ्यावेत. आणि धुऊन, इस्त्री करून पुढच्या वर्षीच्या मुलांना द्यावेत. हा हुकूम नव्हे. या आठवड्यात घरी बोला, अडचणी असतील त्या आम्हाला सांगा.

वेदीपुढे उभ्या मुलांकडे पाहून कोण कुठल्या घरचे, हे ओळखता येऊ नये. प्रभू आपणांस तशी सुबुद्धी देवो.