शिकवताना घाई नको



गोव्यात, पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर आता विमानं उतरतात. डिचोलीत घरोघरी मोबाईल आहे. गणेश चवथीला आजोबा घुमट वाजवतात, आरत्या तोंडपाठ म्हणतात. नातू मोबाईलवर बघून म्हणतो. पण परदेशातल्या लेकाला व्हिडिओ कॉल लावायचा, तर आजोबांना नातूच लागतो. "परत एकदा दाखव रे," ते म्हणतात. नातू वैतागतो.

बाळा, शिकवताना घाई नको. घुमटाचा ताल तुझ्या बोटांत बसेपर्यंत त्यांनी कितीदा तुझा हात धरला!

मित्रहो, यंत्रं बदलतात. शिकणाऱ्याच्या मनातला संकोच मात्र तोच राहतो. जाणत्याने शिकणाऱ्याचा मान राखावा. आज घरात कुणी तेच पुन्हा विचारलं, तर हसून पुन्हा सांगा. शिकवताना घाई नको.