पोलादी पेटीतले घर

जुन्या मालवाहू कंटेनरचे घर म्हटले की पर्यावरणाची काळजी, झटपट बांधकाम आणि कमी खर्च हे सगळे एकदम पदरात पडणार, असे वाटते. न्हावाशेवा बंदर जवळ असल्याने मुंबई-पुण्याच्या आसपास कंटेनर मिळायलाही अडचण नाही. तरीही कायम राहण्याच्या घरासाठी, आणि तेही आपल्या हवेत, कंटेनर ही चुकीची निवड आहे, असे माझे ठाम मत आहे.

कंटेनर घडला तोच मुळी मालासाठी. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. माल पुन्हा पुन्हा हाताळण्याऐवजी अख्खी पेटीच ट्रकवरून जहाजावर चढवायची, ही त्यामागची कल्पना. पुढे मापे ठरली: रुंदी ८ फूट, उंची बहुधा साडेआठ फूट, लांबी २० किंवा ४० फूट. ही रुंदी रस्त्याच्या आणि जहाजाच्या सोयीची आहे, माणसाच्या वावराची नव्हे. आत जागा मिळते २.३५ मीटर. दोन्ही भिंतींना उष्णतारोधक थर आणि त्यावर बोर्ड बसवले की उरतात जेमतेम सात फूट. सव्वासहा फुटी पलंग आडवा टाकला, तर पायथ्याशी एक माणूसही धड जाऊ शकत नाही.

कंटेनरच्या मजबुतीचा हवाला नेहमी दिला जातो. बोटीवर एकावर एक आठ-नऊ कंटेनर रचतात, हे खरेच. पण तो भार चार कोपऱ्यांचे खांब पेलतात. भिंती म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा पन्हाळीदार पत्रा. पन्हाळीमुळेच तो ताठ उभा असतो आणि सगळी पेटी वाकण्या-पिळण्यापासून वाचवतो. वेल्डर कटर लावून त्यात सरकत्या दाराएवढे भोक पाडतो, तेव्हा नेमका हा ताठपणाच जातो. वरची लांब पट्टी मधोमध झुकू लागते, दार अडकते. मग भोकाभोवती चौकोनी पाइपांची चौकट वेल्ड करावी लागते. दोन कंटेनर जोडून दिवाणखाना करायचा, तर मधल्या दोन्ही लांब भिंती कापायच्या, तुळया टाकायच्या, खांब द्यायचे आणि छताच्या जोडातली फट दर पावसाळ्याआधी तपासायची. इतके पोलाद नव्याने घातल्यावर मूळ पेटीचा वाटा किती उरला, हा हिशेब घरमालकाने मांडायलाच हवा.

उन्हाची गोष्ट त्याहून बिकट. वैशाखात विदर्भात किंवा मराठवाड्यात उघड्यावरच्या पत्र्याला हात लावून पाहावा. मातीच्या किंवा विटेच्या जाड भिंतीत ऊन मुरायला वेळ लागतो. दोन मिलिमीटरच्या पोलादातून ते लगेच आत येते. कोकणात त्रास उलटा: दमट हवेत एसी लावला आणि उष्णतारोधक थराचे सांधे नीट बंद नसले, तर थरामागे पाणी साचते आणि पत्रा लपूनछपून गंजतो. अनुभवी वास्तुरचनाकार म्हणूनच कंटेनरवर मोकळी हवा खेळेल असे दुसरे छप्पर घालतात. उपाय उत्तम, पण त्याचा खर्च ‘स्वस्त घरा’च्या जाहिरातीत कुठे नसतो.

पुनर्वापराचा दावाही तपासून घ्यावा. घरासाठी गिऱ्हाईक बिनखड्ड्याची, न गंजलेली पेटी मागते. म्हणजे बहुधा एकच फेरी करून आलेली, जिचे मालवाहतुकीचे आयुष्य अजून शिल्लक आहे अशी. अॅमस्टरडॅममधल्या कीटवोनेन या विद्यार्थी वसाहतीचे उदाहरण आवर्जून दिले जाते. तिथल्या सुमारे हजार खोल्या मात्र राहण्यासाठीच चीनमध्ये नव्याने बनवून आणलेल्या होत्या.

कंटेनरची खरी जागा कुठे आहे, हे जपानने दाखवले. २०११च्या त्सुनामीनंतर ओनागावात सपाट जमीन फारच थोडी होती. वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी वीस फुटी कंटेनर बुद्धिबळाच्या पटासारखे, एक भरलेले घर आणि एक मोकळे असे तीन मजल्यांपर्यंत रचले आणि १८९ कुटुंबांची सोय केली. मधल्या मोकळ्या चौकोनांतून उजेड आणि मोठ्या खोल्या मिळाल्या, भिंती फारशा कापाव्या लागल्या नाहीत. घाई होती, जागा नव्हती, वस्ती तात्पुरती होती. महापुरानंतर सांगली-कोल्हापुरात किंवा दरड कोसळलेल्या गावाच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी असा विचार जरूर व्हावा. ज्याला स्वस्त आणि कायमचे घर हवे, त्याने मात्र वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली, मधे पोकळी ठेवून रचलेली विटांची भिंत आधी पाहावी. तिला विटा कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन अडते.

एवढे वाचूनही ज्यांना कंटेनरच घ्यायचा आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी दारावरची धातूची पाटी वाचावी. तिच्यावर बनावटीचे वर्ष आणि रचण्याचा भार असतो. तळाच्या प्लायवूडला कोणते कीटकनाशक पाजले आहे, याचीही नोंद बहुधा तिथेच सापडते. ती सापडली नाही, तर ते प्लायवूड काढून टाका. आणि संरचना अभियंत्याचा नकाशा हातात आल्याशिवाय कटर लावू देऊ नका.