न दिसलेला पोचा

भांड्याला पोचा पडला तर तो दिसतो. ज्याच्या हातून ते पडले त्यास विचारता येते, आणि दोन कटू शब्दांवर प्रकरण मिटते. परंतु जे नुकसान डोळ्यांस दिसत नाही, ज्यास साक्षीदार नाही, आणि ज्याचे फळ तिसऱ्याच मनुष्यास भोगावे लागणार, त्याविषयी करणाऱ्याचे कर्तव्य काय? नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे शिकविला. पण त्याचे खरे स्वरूप आम्हांस एका लहानशा विमानापाशी कळले.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ एक धावपट्टी आहे. कोयना धरणाच्या कामावरील माणसांच्या ये-जा करण्यासाठी ती १९५५ च्या सुमारास बांधण्यात आली. आमचा एक जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी आपले चार आसनांचे विमान घेऊन तेथे उतरला होता, आणि त्याच्या आग्रहावरून आम्ही सांगलीहून ते पाहावयास गेलो. विमान थोडे मागे सरकवावयाचे होते, माणसे कमी होती. आम्हीही उत्साहाने हात लावला. तो कोठे लावावा हे ठाऊक नसल्यामुळे शेपटीच्या आडव्या पंखाच्या मागल्या कडेवर, म्हणजे नेमका जो भाग हलावयाचा त्याच भागावर, आम्ही भार टाकला. हाताखाली काही किंचित दबल्यासारखे वाटले. पाहिले, तो ओरखडाही नव्हता. आम्ही रुमालाने हात पुसले आणि गप्प राहिलो.

आकाशात वाऱ्याशी झुंजणारे हे यंत्र जमिनीवर मोठे हळवे असते. लहान विमानाचा पत्रा बहुधा एका मिलिमीटरहूनही पातळ असतो. पुढच्या चाकास दांडा लावून ते मर्यादेबाहेर वळविले तर आतला सांधा दुखावतो. पंख्याच्या पात्यावरील बारीकशी खाच ताणाखाली वाढत जाऊन पाते तडकवू शकते. फिरता पंखा कशावर आदळला तर बाहेरून सर्व ठीक दिसले तरी इंजिन उघडून तपासावे लागते. धाग्यांचे थर राळेत बसवून केलेल्या नव्या धर्तीच्या विमानांत तर आतले थर सुटतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. विमान आत घेताना पंखाचे टोक दाराला लागणे, शेपटी भिंतीस टेकणे, असल्या क्षुल्लक गोष्टी जगभर नित्य घडतात. त्या घडणे हा अपघात होय. त्या न सांगणे हे मात्र कृत्य होय.

या भेदाचे प्रत्यंतर २६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेत सिॲटल येथे आले. एका मोठ्या प्रवासी विमानास जमिनीवरील वाहनाचा धक्का लागला, आणि तेथील कामगाराने ते त्या वेळी कोणास सांगितले नाही. सुमारे २६,००० फूट उंचीवर धक्क्याच्या जागी पत्रा फाटून फूटभर भोक पडले व आतील हवेचा दाब गेला. वैमानिकाने विमान सुखरूप परत उतरविले, कोणास इजा झाली नाही. पुढे त्या कामगाराने आपली चूक कबूल केली. तो मनुष्य दुष्ट होता असे आम्हांस वाटत नाही. तो भ्याला होता, इतकेच.

प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथात गायजिसच्या अंगठीची कथा सांगितली आहे. ती बोटात फिरविली की मनुष्य अदृश्य होतो; मग तो न्यायाने का वागेल, असा तेथे प्रश्न आहे. महाभारतात शकुंतला दुष्यंतास बजावते की, आपण एकटेच आहोत असे मानणारा मनुष्य हृदयातील पुरातन साक्षीस विसरतो. दोन्ही उत्तरे थोर आहेत. पण दोन्हींत कसोटी एकट्या कर्त्याचीच आहे. ऐकणाऱ्याकडे बोट कोणी दाखविलेले नाही. ज्याच्या महिन्याच्या मिळकतीहून दुरुस्तीचा खर्च अनेक पट आहे, त्या मदतनिसाकडून रोज हरिश्चंद्राचा अवतार घेण्याची अपेक्षा करणे हा आम्हां सुखवस्तू लोकांचा दांभिकपणा नव्हे काय?

आपल्या घरीच पाहा. मुलाच्या हातून काचेचा पेला फुटला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कोणी फोडला?’ ‘कोणाला लागले तर नाही ना?’ हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतच नाही. मग दुसऱ्या खेपेस मूल तुकडे कपाटाखाली सारते, आणि ते रात्री आजीच्या पायात शिरतात. त्या जखमेचा अर्धा वाटा आपल्या रागाचा असतो. विमानविद्येने हे ओळखले आहे. अपघाताच्या चौकशीचा हेतू पुन्हा तसे न घडावे हाच असावा, दोष अथवा दायित्व वाटणे हा नसावा, असे आंतरराष्ट्रीय नियमांतच म्हटले आहे.

यावर कोणी म्हणेल की, शिक्षेचा धाक गेला तर निष्काळजीपणा माजेल. आक्षेप रास्त आहे. पण येथे तीन गोष्टी एकत्र करून चालणार नाही. हातून चूक होणे क्षम्य, बेपर्वाई सुधारण्याजोगी, आणि लपविणे मात्र दंडनीय होय. नुकसानभरपाईचा प्रश्न याहून निराळा. तो पैशाचा आहे आणि पैशाने सुटतो. शिवाय विश्वासाने मनुष्य बिघडतोच असे नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन केली. मॉरिस फ्रीडमन यांचे त्यास साह्य होते. कोंडणाऱ्या भिंतींवाचून, शेती करीत माणसे तेथे राहिली. १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. ज्यांचे हात खुनाने माखलेले होते त्यांच्यावर जर विश्वास टाकता आला, तर पंखाचे टोक चुकून दारावर घासणाऱ्या पोरावर का टाकू नये?

आता आमची गोष्ट पुरी करतो. अर्ध्या तासाने तो विद्यार्थी आपल्या लहान मुलास घेऊन उडणार होता. निघण्यापूर्वी विमानास हात लावलेल्या प्रत्येकापाशी जाऊन तो एकच वाक्य बोलत होता. आमच्यापुढे येऊन म्हणाला, ‘सर, ढकलताना कुठे काही लागले, दबले, असे वाटले का? असेल तर सांगा. मी कोणावर रागावत नाही.’ तेव्हा आमच्या तोंडून सत्य बाहेर पडले. त्याने तो भाग वरखाली हलवून पाहिला, बिजागऱ्यांवरून बोट फिरविले आणि शांतपणे म्हणाला, ‘वाकलेले दिसत नाही. पण जाणत्याला दाखविल्यावाचून आज उडायचे नाही. आपण सांगितलेत, बरे झाले.’ मुलगा थोडा हिरमुसला. ते दोघे संध्याकाळी मोटारीने घरी गेले.

वाटेत तासगावाकडचे द्राक्षमळे मागे पडत होते आणि आम्ही स्वतःस एकच प्रश्न विचारीत होतो: त्याने विचारले नसते, तर आम्ही सांगितले असते काय? गायजिसची अंगठी पंचवीस वर्षे शिकविणाऱ्या आम्हांस याचे ‘होय’ असे उत्तर छातीवर हात ठेवून देता येत नाही. त्या दिवशी सत्य बोलल्याचे श्रेय आम्ही घेत नाही. ते ज्याने आधी विचारले त्याचे आहे.