सेवेआधी पंगत

राष्ट्रीय सेवा योजनेचा हिशेब कॉलेजात गेलेल्या अनेकांना तोंडपाठ असतो. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि मधे सात दिवसांचं निवासी शिबिर. गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेनं शहरातल्या पोरांना गावं दाखवली, हे तिचं मोठंच काम. पण तास भरले, वहीवर सही झाली की विषय संपतो. नवी मुंबईतल्या चर्चमधली तरुण मंडळीही बरीचशी याच वाटेनं जातात. रविवारची उपासना आटोपली की कधी रक्तदान, कधी वृद्धाश्रमात गाणी, नाताळच्या सुमारास तुर्भ्याच्या वस्तीत कपडे आणि खाऊ. करतात ते मनापासून. दुपारी मात्र जो तो आपापल्या घरी जेवायला जातो. देणारा आणि घेणारा सकाळी जिथं उभे होते, तिथंच संध्याकाळीही असतात.

चर्चला तरुणांसाठी सेवेचा आणि आध्यात्मिक घडणीचा उपक्रम आखायचा असेल, तर तो या दुपारच्या जेवणापासून आखावा असं मला वाटतं. त्यासाठी दूर जायला नको. आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी हे करून पाहिलेलं आहे.

सुरुवात ना. वा. टिळकांपासून धरावी लागेल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्या दरबारात भाऊबहिणी. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही दार उघडं. सेवेच्या नावाखाली धर्मांतराचा डाव आहे, हा संशय तेव्हाही होता आणि आज तर तो फारच तापलेला आहे. टिळकांनी त्यावर खुलासे देत बसण्याऐवजी उंबरठाच काढून टाकला. मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार बहरायच्या आधीच थांबला.

पण त्यांना जवळून पाहिलेला एक इंग्रज धर्मगुरू नगर भागात होता. जॅक विन्स्लो. इटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, १९१४ पासून इथं मिशनच्या कामात रुळलेला. टिळकांचं इंग्रजी चरित्र त्यानंच लिहिलं, १९२३ साली. गोरा मिशनरी बंगल्यात आणि त्याचा मराठी सहकारी दूर कुठेतरी आपल्या घरी, मग दोघे मिळून प्रेमाचा संदेश सांगणार, ही विसंगती त्याला सोसेना. १९२२ मध्ये त्यानं काही सोबत्यांसह अहमदनगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. पुढे संघाचं बिऱ्हाड पुण्यात शिवाजीनगरला आलं. इंग्रज आणि भारतीय एका छपराखाली राहू लागले. अंगावर खादी, जेवण शाकाहारी, तेही जमिनीवर मांडी घालून, हातानं. ठरल्या वेळेला प्रार्थना, अभ्यास, मौन.

त्या पंगतीत काय घडत असेल याचा नीट विचार करावा. राज्यकर्त्यांच्या जातीतला, ऑक्सफर्डहून आलेला तरुण मांडी घालून बसतो आणि पाय अवघडले तरी उठत नाही. शेजारचा मराठी ख्रिस्ती तरुण त्याला वाढतो, पुढच्या वेळी तो याला वाढतो. त्या काळात साहेबाच्या टेबलाजवळ उभं राहून वाढण्यात पिढ्या गेल्या होत्या. इथं वाढपी बदलत राहिला, आणि कुठल्याही प्रवचनाहून खोल असा बदल त्या माणसांत झाला. मी घडण म्हणतो ती ही.

या घरात १९२७ च्या अखेरीस पंचविशीचा इंग्रज धर्मगुरू व्हेरियर एल्विन आला. त्याच सुमारास आलेल्या अल्जी रॉबर्टसन यांनी पुढे मायदेशी जाऊन अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. म्हणजे पुण्याच्या पंगतीचा संस्कार इंग्लंडपर्यंत पोचला. एल्विनला इथं शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. संघातले लोक गांधींच्या बाजूनं बोलू लागले तेव्हा पोलिसांची नजर त्यांच्याकडे वळली. १९३२ मध्ये एल्विन आणि शामराव मध्य प्रांतात करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरच्या बिशपनं एल्विनपुढे सरकारशी निष्ठेच्या शपथेची अट ठेवली, त्यानं ती नाकारली, आणि १९३५ साली चर्चही सोडलं.

चर्चच्या वहीत ही नोंद तोट्याची लागते. मला ती तशी वाटत नाही. तरुणाला मनापासून देवापुढे आणि माणसांपुढे उभं केलं, तर तो कुठं जाईल हे संस्थेच्या हातात राहत नाही. ज्या उपक्रमाला शेवटी पाळक किंवा वर्गणीदारच हवे असतात, त्यानं घडणीचं नाव घेऊ नये. आणि शामरावांची आठवण काढायला हवी. गोंड एल्विनला बडाभाई म्हणत, शामरावांना छोटाभाई. एल्विनची कीर्ती जगभर झाली, पुढे १९५४ मध्ये तो ईशान्येला गेला. छोटाभाई मात्र गोंडांमध्येच राहिले. मराठी ख्रिस्ती समाजातल्या किती मुलांना हे नाव आज माहीत आहे?

अमेरिकेत १९५६ च्या सुमारास अलास्कातून सुरू झालेली जेझुइट स्वयंसेवकांची चळवळ एकत्र राहण्याच्या याच अंगानं वाढली: पदवीनंतर एखादं वर्ष, लहानसं सामायिक घर, साधी राहणी, न्यायाचं काम, प्रार्थना. नवी मुंबईला असं घर शोभेल. या शहरात जवळजवळ प्रत्येक जण कुठूनतरी आलेला. कुठं मल्याळीत, कुठं तमिळमध्ये, कुठं मराठीत उपासना चालते, आणि शेजारशेजारचे ख्रिस्ती एकमेकांच्या घरी क्वचितच जेवतात. कोपरखैरण्याच्या एखाद्या लहान घरात चार भाषांचे चौघं-पाचजण वर्षभर राहिले, आळीपाळीनं स्वयंपाक केला, त्यांत एखादा ख्रिस्ती नसलेलाही असला, तर सेवा सुरू होण्याआधीच पुष्कळ काही घडेल. कामाची ददात नाही. पनवेलजवळ नेऱ्याच्या बाजूला गांधी विचारातून उभं राहिलेलं कुष्ठरुग्णांचं शांतिवन आहे, आणि त्याच पट्ट्यात रस्त्यावरच्या निराधारांना सांभाळणारा सील आश्रम. खाणमजुरांच्या वस्त्या आहेत, बाजार समितीत पाठीवर ओझी वाहणारे आहेत.

एक अडचण मात्र आईवडिलांच्या बाजूनं येईल, आणि ती खरी आहे. नगर-जालन्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या बहुतेकांचे पूर्वज महार-मांग समाजातले. गावकी, वेठ, बिनमोबदल्याची चाकरी त्यांच्या आठवणीत आहे. अशा घरात पहिल्यांदा पदवी मिळवलेल्या मुलीला वर्षभर फुकट सेवा कर म्हणायचं, तर आई विचारणारच, ‘आम्ही काय कमी केली?’ तिच्यापुढे त्यागाचं गुणगान चालणार नाही. घरभाडं चर्चनं भरावं, विमा काढावा, हातात येणारं मानधन घरी थोडे पैसे पाठवता येतील इतकं असावं. त्या सामायिक घरात राहणाऱ्या सुखवस्तू मुलालाही तेवढंच, एक रुपया जास्त नको. आणि निवड करणाऱ्या समितीत पाळकांबरोबर ज्या वस्तीत काम करायचं तिथली दोन माणसं बसवावीत. कोण यावं हे त्यांनीही ठरवावं.