एकादशी आणि दुखण्याची गोळी

ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला येते, तो वारीतला सर्वांत लांब टप्पा. मध्ये दिवे घाट, आणि बहुधा एकादशीही त्याच दिवशी. संध्याकाळी आमच्या मेडिकलसमोर वारकरी थांबतात. "माऊली, गुडघ्याची गोळी द्या." पोटात काय आहे विचारलं की उत्तर येतं, "उपास हाय. पाण्यासंगं घेतो."

काहीजण मात्र गोळीला हातच लावत नाहीत. विठ्ठलासाठी सोसलं की पुण्य लागतं, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या भक्तीपुढे मी नमते, पण हे मला पटत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात हट्टाने देहाला पीडा देणाऱ्या तपाला तामस म्हटलं आहे.

माझी श्रद्धा औषधशास्त्राने उलट घट्ट केली. अ‍ॅस्पिरिनमुळे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही तेच करतात. हे प्रोस्टाग्लँडिन सुजलेल्या गुडघ्यात ठणका वाढवतं, तेच जठराचं अस्तर राखतं, आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतं. दुखवणारं आणि राखणारं एकच! हे कळल्यापासून वेदनेला देवाची शिक्षा म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती नुसती दाबून टाकावी, असंही वाटत नाही.

म्हणून उपासाचं केळं, दूध, खिचडी खाऊन मगच गोळी घ्या, असं मी सांगते. त्याने जळजळ कमी होते. पण पोटातल्या व्रणाचा धोका खाऊनही टळत नाही, कारण औषध रक्तातूनही काम करतं. निरंकार उपास करून उन्हात चाललेल्याने तर आधी पाणीच प्यावं. ज्यांना बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, रक्त पातळ करणारं औषध आहे किंवा पूर्वी अल्सर झाला आहे, त्यांना मी ही गोळी देत नाही. बहुतेकांना त्याऐवजी पॅरासिटामॉल चालतं, तेही मापातच. लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. बाकीच्यांनी डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर आयब्युप्रोफेन घेऊ नये. पिशवीत आधीच दुसऱ्या नावाची गोळी असेल तर ती दाखवायला लावते. आत पुष्कळदा तेच औषध असतं. आणि शौचाला काळं झालं, तर पुढचा मुक्काम सोडून थेट दवाखाना गाठायचा.