दादा कुणाला म्हणायचे?



'दादा' हा आपल्या घरातला साधा शब्द. थोरला भाऊ दादा. मराठवाड्यात कित्येक घरी वडिलांनाच दादा म्हणतात, आणि हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे दादा म्हणजे आजोबा! देगलूरच्या बाजारात तेलुगू 'अन्ना' कानी पडतो, उदगीरकडे कानडी 'अण्णा'. अर्थ थोरला भाऊच. नांदेडचे शीख बांधव पंचप्याऱ्यांच्या नावाआधी आदराने 'भाई' लावतात. मुंबईत मात्र 'भाई' म्हटले की माणसे दबकतात, आणि 'दादागिरी' तर आपल्या गल्लीतही आहे.

आधार देणारा आणि धाक घालणारा, दोघांनाही आपण एकच नाव दिले. अधिकार तोच असतो. तो कुणासाठी वापरला, एवढाच फरक.

संत लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, असाच एक थोरला आहे. आपण नेहमी उधळ्या धाकट्याबद्दलच बोलतो. हा थोरला रागाने बाहेर उभा राहतो. त्याची तक्रार नीट वाचा. धाकट्याला तो बापाचा मुलगा म्हणतो, आपला भाऊ म्हणत नाही. उत्तर देताना बापच त्याला आठवण करून देतो, की आलेला तुझा भाऊ आहे. खरे तर वाटणी आधीच झाली होती. मोशेच्या नियमाप्रमाणे ज्येष्ठाला दुप्पट वाटा असे. तरी एका वासरासाठी त्याचा जीव तुटला.

आपल्याकडे वडील गेले, की सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ येते. मग बहिणीला माहेरी बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. दादा म्हणाला म्हणून ती करते. नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यात मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच आहे. हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नसते. तिने राजीखुशीने हक्क सोडला तर प्रश्न नाही. पण ती राजीखुशीने सोडते की भीतीने, हे तलाठी विचारणार नाही. ते दादानेच विचारायचे, आणि तेही सही घेण्याआधी.

संत पौल रोमकरांना लिहिताना प्रभू येशूला पुष्कळ भावंडांमधला ज्येष्ठ म्हणतात. या ज्येष्ठाने स्वतःसाठी वाटा राखून ठेवला नाही. लूकच्या गोष्टीतला थोरला शेवटी घरात गेला की नाही, हे मात्र लिहिलेले नाही.